दोन मैलांवरचं शीड

"चोगले, तुझं शीड मला दिसतंय."

रेडिओ खरखरला आणि त्यातून मराठी बाहेर आलं. मी केबिनमध्ये वाकून भाताचं भांडं खरवडत होतो. अटलांटिकच्या मधोमध, विषुववृत्ताच्या चार अंश उत्तरेला. जमीन कुठल्याही बाजूला सहाशे मैलांच्या आत नव्हती, आणि मराठी बोलणं ऐकून मला चोवीस दिवस झाले होते.

"सर? तुम्ही कुठे आहात?"

"तुझ्या दक्षिणेला. दोन मैल असेन. वर येऊन बघ की."

मी डेकवर आलो. दुर्बिणीत एक राखाडी शीड दिसलं, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबणारं. कमांडर देवस्थळींची 'अगस्ती'. मला वाटत होतं ते माझ्या दोनशे मैल मागे आहेत.

"दिसलात सर. तुम्ही इतक्या लवकर कसे पोचलात?"

"पश्चिमेकडून आलो. तू नेहमीप्रमाणे सरळ आलास. आता बस इथे माझ्याबरोबर."

ते हसले. मीही हसलो.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. एकट्याने शिडाची बोट हाकायची शर्यत होती. स्पेनच्या एका बंदरातून निघायचं, अटलांटिक उतरत सेंट हेलेना बेटाला वळसा घालायचा आणि त्याच बंदरात परत. अकरा बोटी निघाल्या होत्या. चार मोडून परतल्या. परतीच्या वाटेवर मी आणि सर सर्वांच्या पुढे होतो, आणि आम्ही दोघेही डोलड्रम्समध्ये अडकलो. विषुववृत्ताजवळचा हा पट्टा असा आहे की तिथे वारा पडला की पडलाच. दक्षिणेचा वारा मागे संपतो, उत्तरेचा वारा पुढे सुरू होतो, आणि मधल्या जागेत समुद्र तेलासारखा पसरलेला असतो. जो आधी बाहेर पडेल तो जिंकणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

देवस्थळी सरांनीच मला ही विद्या शिकवली. मी हर्णैचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. नौदलात खलाशी म्हणून लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. सर शीडबोटींचे प्रशिक्षक होते. त्यांनी मला नकाशे वाचायला शिकवलं, हवामानाची पुस्तकं दिली, इंग्रजीसुद्धा त्यांनीच सुधारलं. आणि कोणी मोठा अधिकारी आला की माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा माझा चोगले. कोळ्याचा पोर. याला वारा वासाने कळतो." समोरचा कौतुकाने माझ्याकडे बघायचा. चांगल्या जातीच्या कुत्र्याकडे बघतात तसा. सरांना ते कधी कळलं नाही. मी कधी सांगितलंही नाही. नोकरी सोडून मी स्वतःची बोट बांधली, या शर्यतीत नाव घातलं, आणि पुढच्या महिन्यात समजलं की एकसष्ट वर्षांच्या देवस्थळी सरांनीही नाव घातलंय.

पहिले तीन दिवस बरे गेले. दिवसातून दोनदा आम्ही रेडिओवर बोलायचो. ते मला जुने किस्से सांगायचे. मुलीबद्दल बोलायचे. मैत्रेयी तिचं नाव, लोणावळ्याला त्यांच्याबरोबर राहायची. आई नसलेली ती एकुलती मुलगी. "निघताना एक शब्द बोलली नाही माझ्याशी," सर म्हणाले. "म्हणते, या वयात मरायला चाललाय."

शिडं मात्र दिवसभर फडफडत होती. वारा नसला तरी लाटेची उसळ असते. बोट डुलते, शीड या बाजूला आपटतं, मग त्या बाजूला आपटतं. दर चार सेकंदांनी एक तडाखा. डोक्यात खिळा ठोकावा तसा. डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. घामाने काखेत आणि मांड्यांत फोड आले होते. माझ्या बोटीशेजारी निळ्या झाकणाची एक रिकामी बाटली तरंगत होती. आदल्या दिवशी सकाळीही ती तिथेच होती.

चौथ्या दिवशी सर म्हणाले, "माझं पाण्याचं यंत्र बसलं रे."

आम्हा सर्वांकडे समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र असायचं. ते बॅटरीवर चालतं. सरांचं चार्जिंगचं इंजिन बंद पडलं होतं, त्यामुळे मोठ्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. एका लहान सोलर पॅनलवर रेडिओ आणि फोन तेवढे चालत होते. हाताने चालवायचा पंपही होता, पण त्याचं रबर फाटलं होतं.

"पाणी किती आहे सर?"

"सात लिटर."

"शर्यतीच्या ऑफिसला कळवलंत?"

"सगळं ठीक आहे म्हणून कळवलंय. पाऊस पडेलच. इथे रोज कुठे ना कुठे पडतो."

ते खरं होतं. क्षितिजावर रोज काळे ढग उभे राहायचे, खाली पावसाचा पडदा लोंबायचा, आणि तासाभरात सगळं विरून जायचं. आमच्यापर्यंत काही येत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी तो माझ्यावर आला. काळा ढग सरळ माझ्या दिशेने सरकत आला, वाऱ्याचा एक झोत आला, बोट शंभर-दीडशे हात पुढे सरकली आणि मग पाणी कोसळलं. शिडाच्या तळाशी बादल्या धरल्या, कॅन भरले, पातेली भरली. वीस मिनिटं पाऊस पडला. मी तोंड वर करून उभा राहिलो आणि वेड्यासारखा ओरडत होतो.

थांबला तेव्हा मी दक्षिणेकडे पाहिलं. सरांच्या बोटीवर लख्ख ऊन होतं.

रेडिओ वाजला. "पडला का रे?"

"पडला सर."

"बराच?"

"बऱ्यापैकी."

"छान, छान," सर म्हणाले. "इकडे नाही आला."

मग मी एक गोष्ट केली. सगळे कॅन भरूनही एक बादली पाणी उरलं होतं. मी कपडे काढले, डेकवर उभा राहिलो, साबण लावला आणि त्या गोड्या पाण्याने सावकाश अंघोळ केली. फोड धुतले. डोकं धुतलं. अंघोळ मला हवीच होती, असं तुम्ही म्हणाल. हवी होती. पण मी ती केबिनच्या आडोशाला केली नाही. पुढे जाऊन, शिडाच्या बाहेर, दक्षिणेकडे तोंड करून केली. सरांकडे माझ्यापेक्षा चांगली दुर्बीण होती.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. आवाज बदलला होता. जीभ टाळूला चिकटल्यासारखे शब्द येत होते.

"चोगले, एक काम कर. एक कॅन भर, थोडा रिकामा ठेव म्हणजे तरंगेल. पाण्यात सोड. मी वल्हवत येऊन उचलतो. इथे बघायला कोण आहे?"

शर्यतीचा नियम साधा होता. दुसऱ्याकडून काहीही घेतलं की बाद. गुपचूप देणाराही बाद. ऑफिसला कळवून मदत मागितली तर मागणारा बाद होतो, देणाऱ्याला मात्र मदतीत गेलेला वेळ परत मिळतो.

समुद्र शांत होता. आकाश निरभ्र होतं. सरांचा शब्दन् शब्द मला स्पष्ट ऐकू आला होता.

"नीट ऐकू आलं नाही सर," मी म्हणालो. "पुन्हा सांगा."

ते पुन्हा बोलले. या वेळी सावकाश. "मला पाणी दे."

"तुटक येतंय सर. काय देऊ?"

"पाणी. पाणी, चोगले. थोडं पाणी दे मला."

मी रेडिओ हातात धरून बसलो होतो. सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी बरं वाटलं. पोट भरल्यावर वाटतं तसं.

"सर, असं गुपचूप दिलं तर आपण दोघंही बाद," मी म्हणालो. "तुम्ही ऑफिसला फोन करा. अधिकृत मदत मागा. त्यांनी हो म्हटलं की मी पाच मिनिटांत निघतो."

"म्हणजे मी बाद आणि तुला वेळ परत."

"नियम तुम्हीच मला वाचायला शिकवलेत सर."

रेडिओ बंद झाला.

त्यांनी फोन केला नाही. मला ठाऊक होतं ते करणार नाहीत. त्यांच्या बोटीवर संकटाचं लाल बटणही होतं. ते दाबलं की जगभर कळतं आणि जवळचं जहाज वळतं. ते बटणही त्यांनी दाबलं नाही. पुढचे दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. बटण त्यांच्या हाताशी आहे. त्यांनी दाबावं.

सातव्या दिवशी प्रवाहाने आमच्या बोटी जवळ आणल्या. वारा नसताना बोटी अशा सरकतात, कोणी न हाकता. सकाळी एक मैल अंतर होतं, अकराला अर्धा मैल, आणि भर दुपारी बारा वाजता 'अगस्ती' माझ्यापासून दीडशे मीटरवर होती. दुर्बीण लागत नव्हती. सरांचा चेहरा मला दिसत होता. दाढी वाढलेली, ओठ काळे पडून फुटलेले. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला. डेकवर ते शिडाच्या काठीला धरून उभे होते.

त्यांच्या हातात पिवळा कॅन होता. त्यांनी तो वर उचलला. उलटा करून दाखवला, रिकामा आहे म्हणून. मग पुन्हा सरळ धरून वर उचलला. बोलले काहीच नाहीत. हाक मारली असती तरी ऐकू आली असती इतकं अंतर होतं.

माझ्या पायाशी भरलेले तीन कॅन बांधून ठेवलेले होते.

मी खाली केबिनमध्ये गेलो आणि दार ओढून घेतलं. आत भट्टी होती. दार बंद करून तिथे कोणी बसत नाही. मी तिथे बसलो. शिडाचा तडाखा मोजत राहिलो. चारशेपर्यंत मोजला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. असं किती वेळा केलं आठवत नाही. दार उघडून वर आलो तेव्हा उन्हं कलली होती, आणि 'अगस्ती' पुन्हा मैलभर लांब गेली होती. डेकवर कोणी नव्हतं.

आठव्या दिवशी सरांनी रेडिओ लावला नाही. मी दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. चार्जिंग संपलं असेल, असं मी स्वतःशी म्हणालो.

नवव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला वारा आला. उत्तरेकडे पाण्यावर आधी एक गडद रेघ दिसली. ती रुंद होत गेली. मग गालाला गार लागलं. शीड एकदा फडफडलं, भरलं, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा बोटीने पाणी कापल्याचा आवाज ऐकू आला. ईशान्येचा खरा वारा होता तो. टिकणारा.

मी रेडिओ उचलला. "सर, वारा आला! ईशान्येचा आहे. शिडं आवळा!"

काही नाही.

"सर? ऐकताय का?"

दुर्बीण लावली. 'अगस्ती' आता अडीच मैल दक्षिणेला होती. तिच्यापर्यंतही वारा पोचला होता. शीड मोकळं सुटून सैरभैर आपटत होतं आणि बोट जागच्या जागी गोल फिरत होती. शीड आवळायला कोणी वर आलं नाही. मी वीस मिनिटं बघत होतो. घड्याळ लावून वीस मिनिटं.

मग सुकाणू उत्तरेला वळवून बांधलं.

त्या संध्याकाळी ऑफिसचा नेहमीचा फोन आला. मार्टा नावाची बाई बोलायची. समजूतदार बाई होती.

"अभिनंदन, तू बाहेर पडलास," ती म्हणाली. "देवस्थळींशी दोन दिवस संपर्क नाही. फोन उचलत नाहीत. तू त्यांच्या जवळ होतास ना? ते कसे आहेत?"

मी खरं सांगितलं असतं तर तिने मला परत फिरायला सांगितलं असतं. नियम तसा होता. साठ मैल मागे, हातात आलेला वारा सोडून, त्या खड्ड्यात पुन्हा.

"आज सकाळीच पाहिलं मी त्यांना," मी म्हणालो. "ठीक आहेत. शिडं लावत होते."

"बोललात?"

"हो. फोनच्या चार्जिंगची अडचण आहे म्हणाले."

"बरं झालं," ती म्हणाली. तिचा सुस्कारा मला फोनमध्ये ऐकू आला. "मला काळजी वाटत होती."

माझ्या शब्दावर ऑफिस तीन दिवस थांबलं. तीन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की 'अगस्ती' नकाशावर पश्चिमेला नुसती वाहत चालली आहे. मग त्यांनी एक मालवाहू जहाज वळवलं. जहाजावरच्या लोकांना सर केबिनच्या जमिनीवर सापडले. जिवंत होते. वाऱ्याबरोबर त्यांच्यावरही थोडा पाऊस पडून गेला होता, आणि सरपटत डेकवर जाऊन, शिडाच्या घडीत साठलेलं पाणी चोखून ते राहिले होते. पण त्याआधीच कधीतरी त्यांना झटका आला होता. डावी बाजू गेली होती. मूत्रपिंडं कायमची अधू झाली.

मी पहिला आलो. बंदरात बँड होता. दुसऱ्या क्रमांकाची बोट माझ्यानंतर दोन दिवस आणि पाच तासांनी आली. त्या सकाळी वारा आल्या आल्या मी मागे वळलो असतो तर अडीच मैल जायला फार तर अर्धा तास लागला असता. सगळं मिळून चार तास गेले असते. हा हिशेब मी बक्षीस घेताना मंचावर उभा राहून केला.

चार महिन्यांनी मी लोणावळ्याला गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. मैत्रेयीने दार उघडलं. मला बघून तिचे डोळे भरून आले.

"हरेश्वरदादा, या ना. बाबा रोज विचारतात, चोगले आला का म्हणून." मग हळू आवाजात म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू? बाबांनी सांगितलंय मला. रेडिओवर तुम्ही त्यांना धीर देत होतात म्हणून ते टिकले."

ती चहा करायला आत गेली. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. बोलणं जरा जड झालं होतं, पण समजत होतं.

"सर, मला तुम्हाला..."

"तू काय सांगायला आलायस ते मला माहीत आहे. सांगायचं नाही."

"मी ऑफिसला खोटं..."

"तेही माहीत आहे. मार्टा मला भेटायला हॉस्पिटलात आली होती. म्हणाली, चोगले म्हणाला तुम्ही ठीक आहात. मी म्हटलं, बरोबर आहे. तेव्हा मी ठीक होतो. नंतर रेडिओ बिघडला, मग झटका आला."

"का सर? मला का वाचवलंत?"

"तुला?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "चोगले, तू जे केलंस ते सांगायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागेल. मी मागितलं. तीनदा मागितलं. डबा वर करून उभा राहिलो. माझ्या मुलीला ते दिसणार नाही. मी ज्यांना शिकवलं त्यांतल्या कोणाला ते दिसणार नाही. कळलं?"

"मग मी हे घेऊन कुठे जाऊ सर?"

"ते तू बघ. माझ्या घरात ठेवायचं नाही."

मैत्रेयी चहा घेऊन आली. सरांचा आवाज लगेच बदलला. "अगं, चोगलेला पोहे दे. लांबून आलाय."

मला वाटलं तिथे संपलं. ती सुरुवात होती. त्या डिसेंबरात आमच्या शीडबोटींच्या क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात सरांनी मला बोलायला लावलं. विषय त्यांनीच दिला होता, 'डोलड्रम्समधले नऊ दिवस'. ते पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसले, शेजारी मैत्रेयी. मी सर्वांना सांगितलं की आम्ही कसे दोन मैलांवर होतो, एकमेकांना कसा धीर देत होतो, सरांचा रेडिओ कसा बिघडला, आणि शेवटी मी त्यांना शिडं लावताना कसं पाहिलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षी पुन्हा. एकदा मी मुद्दामच रेडिओचा भाग गाळला. सर पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, "चोगले, माझ्या रेडिओचं राहिलं." सभागृह हसलं. मी रेडिओचं सांगितलं.

पाचव्या वर्षी कार्यक्रमानंतर मी त्यांची खुर्ची गाडीपर्यंत ढकलत नेत होतो. मैत्रेयी गाडी काढायला पुढे गेली होती. मी म्हणालो, "सर, आता पुरे करू या का हे?"

"का? त्रास होतो?"

"होतो सर."

"मग चालू दे," सर म्हणाले.

असं नऊ वर्षं चाललं. मी दर वर्षी गेलो. का गेलो असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. मूत्रपिंडाच्या आजारामुळे त्यांना मोजूनच पाणी प्यायला मिळायचं, दिवसाला पाऊण लिटर. मंचावर माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवलेली असायची. तिला मी कधी हात लावला नाही, आणि सर माझ्याकडे बघत असायचे.

सर गेले ते एका फेब्रुवारीत. शोकसभा क्लबातच होती. जाताना गाडीत मी ठरवलं की आज सांगायचं. आता त्यांना काही दिसणार नव्हतं, ऐकू येणार नव्हतं. शब्दसुद्धा जुळवले होते. मंचावर गेलो, माइक सारखा केला, आणि बोलू लागलो. दोन मैलांवरचं शीड, धीर, रेडिओ, ईशान्येचा वारा. कुठेही अडखळलो नाही. जिथे थांबायचं तिथे थांबलो. जिथे आवाज भरून यायचा तिथे आपोआप भरून आला. खुर्च्यांमधून रुमाल निघाले.

सभा संपल्यावर लोक पांगले. मैत्रेयी माझ्याजवळ आली.

"दादा, एक विचारू? शेवटच्या महिन्यात बाबा दुपारी झोपेत बडबडायचे. रोज तेच. 'चोगले, पाणी दे. थोडं पाणी दे मला.' हात असा वर करायचे." तिने आपला उजवा हात वर उचलून दाखवला. "मी त्यांना उठवायचे, तर म्हणायचे काही नाही. मला ते फार लागून राहिलंय. तुमचंच नाव का घ्यायचे?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सर नव्हते. मला अडवणारं कोणी नव्हतं.

"तिथे आमचा एक खेळ होता," मी म्हणालो. "वेळ जावा म्हणून. मी रेडिओवर म्हणायचो, सर, पाणी हवं का? ते म्हणायचे, दे रे चोगले. मग आम्ही दोघं आपापल्या बोटीवर एकाच वेळी पेला वर धरायचो आणि एक-एक घोट घ्यायचो. एकत्र बसून प्यायल्यासारखं."

मैत्रेयीचा चेहरा निवळला. ती रडत रडत हसली.

"बाबांनी हे कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "किती छान आहे हो हे. मघाशी भाषणात का नाही सांगितलंत?"

"राहून गेलं," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी नक्की सांगा. बाबांच्या नावाने आम्ही व्याख्यान सुरू करतोय. पहिलं तुमचंच आहे."

मी हो म्हणालो. आणि पुढच्या वर्षी सांगितलं.